पेटी म्हणजे

विश्राम गोलतकरांची वेबसाइट मी केली
भाड्याच्या बदल्यात, त्यांच्या पोटमाळ्यावर राहायचो तेव्हा.
ठाकुरद्वारच्या नाक्यावरून आत, तिसरं शटर.
शोधात सापडावा म्हणून शब्द निवडला : पेटी.
गोलतकर जन्मभर हार्मोनियमला तेच म्हणत आलेले.
मला वाटलं, झालं काम.

पहिल्याच महिन्यात आलेख असा चढला
की मी स्क्रीनशॉट काढून त्यांना दाखवला.
फोन वाजत होता.
देवगडची पेटी केवढ्याला, चार डझनाची की पाच?
आमच्या लोखंडी पेटीची किल्ली हरवलीय, माणूस पाठवता?
एक जण आवाज खाली आणून म्हणाला,
अर्धी पेटी आज, अर्धी सोमवारी, चालेल?
गोलतकर म्हणाले, अर्धी कशी आणणार? अख्खी आणा.
खोक्यातून आणा.
पलीकडे बराच वेळ शांतता.

मग मी शहाणपणा केला.
हार्मोनियम, हार्मोनियम दुरुस्ती, हार्मोनियम दुरुस्ती मुंबई,
हार्मोनियम दुरुस्ती मुंबई स्वस्त,
एका परिच्छेदात एकोणीस वेळा.
उरलेलं तळाला, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात,
माणसाला दिसू नये, यंत्राला दिसावं असं :
विरारपासून अंबरनाथपर्यंतची सगळी स्टेशनं,
जिथे गोलतकर कधी उतरलेही नसतील.
मीरा रोडच्या एकाकडून चार हजारांत
तीनशे दुवे विकत घेतले.
कुठून कुठून आमच्याकडे बोट दाखवलं जाऊ लागलं :
केसगळती, एनए प्लॉट, वशीकरण.

एका मंगळवारी आम्ही नवव्या पानावर होतो.
नवव्या पानावर कोण जातं?
मी गेलो होतो, आम्हाला शोधायला.

गोलतकरांना सांगितलं. न सांगून चाललं असतं,
पहिलं पान काय नि नववं काय, त्यांना सारखंच.
कानस त्यांनी खाली ठेवली नाही.
एक पितळी सूर चिमटीत धरून म्हणाले,
टोकाला घासला की चढतो, मुळाशी घासला की उतरतो.
चढवायच्या नादात तू टोकच खाल्लंस.
मग बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.
आत त्यांनी स्वतः बिघडवलेले सूर, चाळीस वर्षांचे,
प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी :
घाई. घाई. गिऱ्हाईक समोर उभं होतं. घाई.

त्या रात्री आमचे शब्द बाजूला ठेवून
लोकांचे शब्द पाहिले.
कोण काय टाइप करून आपल्या जवळून निघून गेलं,
याची यादी असते.
वर्षभरात मी ती उघडलीच नव्हती.

पेटी न दाबता वाजते
मधला सा फाटका येतो
भाता झुरळाने खाल्ला काय करू
शनीवारी भजन आहे अर्जंट
आणि एक, एकदाच, क्लिक शून्य, आम्ही चौसष्टावे :
बाबांची पेटी अकरा वर्ष बंद आहे उघडली तर खराब होईल का

पांढरी अक्षरं पुसली, एकेक स्टेशन.
दुवे नाकारले, त्याला महिने गेले.
प्रश्न मात्र तसेच ठेवले, शनीवारातल्या दीर्घ ईसकट.
उत्तरं गोलतकर सांगत गेले, मी लिहीत गेलो.
शेवटच्या प्रश्नाला ते अडले.
लिही, म्हणाले, उघडून नाही, बंद ठेवून होते खराब.
मग म्हणाले, नको, असं नको.
लिही : घेऊन या. उघडताना तुम्ही समोर बसा.

अजून आम्ही पहिले नाही. कधी पाचवे, कधी अकरावे.
एप्रिलात आंब्याचे फोन येतातच,
क्रॉफर्ड मार्केटातल्या एकाचा नंबर
भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय.

परवा विक्रोळीहून एक बाई टॅक्सीने आल्या,
मांडीवर चादरीत गुंडाळलेली पेटी.
कुठून कळलं, मी विचारलं नाही.
कडी निघाली. भाता एकदा हलला,
आणि सुराच्या आधी
तपकिरीचा वास आला.
थांबा जरा, त्या म्हणाल्या.
गोलतकर थांबले.